देवबाग : वाळूच्या मुद्दलावर उभे असलेले गाव

शहापुरात पडणारे पावसाचे पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते. नागपूर-भंडारा महामार्गावरील या गावाच्या परिसरातील ओढे-नाले अखेर वैनगंगेला मिळतात. वैनगंगा पुढे वर्धेशी एकरूप होऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विलीन होते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराची वाट धरते. पाणी असे पूर्वेस जात असले, तरी समुद्र पाहण्याची हौस असलेली कुटुंबे मात्र बहुधा पश्चिमेकडे, कोकणाच्या दिशेने निघतात.

भंडाऱ्याकडील व्यापारी घराण्यांना वाळूचे अप्रूप नाही. वैनगंगेची वाळू घराघराच्या भिंतींत गेलेली आहे. तिचा भाव ब्रासवर ठरतो आणि बांधकाम-साहित्याच्या पेढीवर तिची आवक-जावक रोजमेळात नोंदली जाते. पण याच महाराष्ट्रात असे एक गाव आहे की जिथे वाळू ही विकावयाची वस्तू नसून पायाखालची जमीन आहे, विहिरीचे पाणी आहे आणि घराचे कुंपणही आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मालवण तालुक्यातील देवबाग हे ते गाव. शहापूरच्या कुटुंबाने एकदा तरी तिथे जावे. ते स्थळ रम्य आहेच. शिवाय भांडवल म्हणजे काय आणि ते राखावे कसे, हे तिथे डोळ्यांना दिसते.

दोन पाण्यांमधली पट्टी

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून निघालेली कर्ली नदी कुडाळ तालुक्यातून वाहत समुद्राच्या अगदी जवळ येते. पण सरळ जाऊन त्याला भेटत नाही. ती दक्षिणेकडे वळते आणि किनाऱ्याला समांतर काही अंतर चालून मग सागरात शिरते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये जी लांबट, निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी उरली, तीवर तारकर्ली आणि देवबाग ही गावे वसली आहेत. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस कर्लीची खाडी आणि दक्षिणेस दोहोंचा संगम. तीन बाजूंनी पाणी असलेले हे छोटे द्वीपकल्प काही ठिकाणी इतके अरुंद आहे, की समुद्राकडे पाठ करून निघालेला माणूस दोन-चार मिनिटांत खाडीच्या काठावर पोहोचतो.

कोकणी माणूस अशा वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतो. राजस्थानच्या मरुभूमीसारख्या उंच वालुकागिरींची अपेक्षा इथे ठेवू नये. इथल्या वाळूच्या टेकड्या बुटक्या आणि सुरूच्या झाडांनी झाकलेल्या आहेत. त्यांवर माडांच्या सावल्या पडलेल्या असतात. नवख्या प्रवाशाला त्या टेकड्या आहेत हेही पुष्कळदा कळत नाही. गावाचा सारा जीव मात्र त्यांच्यातच आहे.

जाण्याचा मार्ग आणि काळ

शहापूरहून नागपूर सुमारे पन्नास किलोमीटर. नागपूरहून मडगावकडे जाणारी विशेष रेल्वेगाडी ठरावीक वारी सुटते आणि कोकण रेल्वेमार्गाने कुडाळला थांबते. तिचे चालू वेळापत्रक निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून विदर्भातील प्रवाशांसाठी हा प्रदेश पूर्वीसारखा दुर्गम राहिलेला नाही. कुडाळपासून मालवण सुमारे तीस किलोमीटर आणि तेथून दक्षिणेस तारकर्ली व देवबाग.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी अंतर सुमारे हजार किलोमीटरचे. एका दमात कापू नये असे. कोल्हापूरला मुक्काम केल्यास कुंभोजगिरीवरील बाहुबलींच्या अठ्ठावीस फुटी मूर्तीचे दर्शन घडते आणि दुसऱ्या दिवशी फोंडाघाटाने कोकणात उतरता येते. घाटमाथ्यावरून लाल मातीकडे उतरताना हवेत येणारा दमटपणा आणि रस्त्याकडेला वाढत जाणारी माडांची गर्दी, यांवरून समुद्र जवळ आल्याची जाणीव मुलांना आधी होते.

जाण्याचा उत्तम काळ कार्तिकानंतरचा. पावसाळ्यात इथला समुद्र खवळलेला असतो. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातील खेळ बंद असतात. ज्या घरांत चातुर्मासात दूरचा प्रवास टाळतात, त्यांना हे वेळापत्रक वेगळे जुळवावे लागत नाही. त्यांचा प्रवासाचा काळ सुरू होतो, तेव्हाच समुद्रही शांत झालेला असतो.

मालवण आणि सिंधुदुर्ग

पहिला दिवस मालवणला द्यावा. किनाऱ्यासमोरील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाच्या बांधणीस आरंभ केला आणि 1667 मध्ये हे काम पूर्णत्वास गेले. बांधणीपूर्वी ज्या खडकाजवळ पूजा झाली असे मानतात, तो मोरयाचा धोंडा आजही मालवणच्या किनाऱ्यावर आहे. सुमारे अठ्ठेचाळीस एकरांवर पसरलेल्या या जलदुर्गाचा दरवाजा तटाच्या वळणात असा लपविला आहे, की होडी अगदी जवळ आल्यावाचून तो दिसत नाही. राजाराम महाराजांच्या काळात उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आणि दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आवर्जून पाहाव्यात. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये पिण्यायोग्य पाणी, हे आश्चर्य किल्ल्यात पाहिलेले लक्षात ठेवावे. देवबागला त्याचीच आणखी नाजूक आवृत्ती भेटणार असते. 2025 साली युनेस्कोने मराठा लष्करी दुर्गांच्या मालिकेला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला, तीत सिंधुदुर्गाचा समावेश आहे.

किल्ल्याभोवतालचे पाणी हे स्वतः एक संरक्षित क्षेत्र आहे. 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटर आहे. इथल्या खडकांवर प्रवाळ वाढतात. प्रवाळ दिसायला दगड, पण असंख्य सूक्ष्म जीवांची ती वसाहत. पाण्याखालील सृष्टी पाहावयास उतरणाऱ्याने त्यावर पाय टेकला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. त्यामुळे पाण्यात उतरायचेच असेल, तर प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबर उतरावे आणि हात-पाय आवरून राहावे.

तारकर्लीहून देवबागला

दुसऱ्या दिवशी तारकर्लीचा किनारा. इथले पाणी हिवाळ्यात इतके निवळ असते, की कमरेएवढ्या खोलीतही तळाची वाळू दिसते. सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे जाताना पायांखाली जाड पानांची एक हिरवी वेल पसरलेली आढळते. तिची फुले जांभळट गुलाबी, घंटेच्या आकाराची. हिचे नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती उगवते, म्हणून हे नाव. तिची मुळे वाळूत दूरवर जातात आणि वाऱ्याने उडणारा कण न् कण अडवून धरतात. आज अडविलेल्या कणांवर उद्या वेल पुन्हा चढते. अशा रीतीने टेकडी तयार होते. सुरूची झाडे माणसाने लावली. मर्यादवेल मात्र आपणहून आलेली राखणदार आहे. गाड्यांची चाके आणि खुर्च्या-मेजांच्या रांगा तिच्यावर आल्या, की ती मरते. वेल गेली की वारा वाळू नेतो, आणि वाळू गेली की समुद्राची वाट मोकळी होते.

तारकर्लीच्या पुढे रस्ता देवबागला जातो. दोन्ही बाजूंना माड, मधून उतरत्या छपरांची घरे आणि फटींतून एका बाजूस समुद्राची, दुसऱ्या बाजूस खाडीची चमक. गावात गाबीत समाजाची वस्ती मोठी आहे. ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगलेल्या या लोकांनी अलीकडच्या काळात घरांतील खोल्या प्रवाशांसाठी खुल्या केल्या. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्याचे दृश्य फळ या रस्त्यावर पाटीपाटीवर वाचता येते.

दक्षिण टोकाशी संगम. इथे हिरवट खाडी आणि निळा समुद्र यांच्या पाण्याची सीमारेषा स्पष्ट दिसते. भरतीला ती आत सरकते, ओहोटीला बाहेर. संगमाजवळ ओहोटीच्या वेळी एक वाळूचे बेट वर येते. 2004 च्या सुनामीनंतर ते वर आले असे लोक सांगतात आणि त्याला सुनामी आयलंड म्हणतात. सकाळच्या शांत समुद्रात डॉल्फिनही दिसतात. मात्र संगमाचा प्रवाह फसवा आहे. तिथे पोहण्याचा मोह धरू नये. होडीत प्रत्येकाच्या, विशेषतः मुलांच्या, अंगात लाइफ जॅकेट असल्याखेरीज बसू नये.

वाळूचा जमाखर्च

संगमावर उभे राहिले, की या गावाची खतावणी उघडी दिसते. नदी सह्याद्रीतून वाळू आणते, ही जमा. लाटा ती किनाऱ्यावर पसरतात. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात, हे नावे. हिवाळ्यातील मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात, ही पुन्हा जमा. दिवाळीला पेढीवर नव्या वह्यांचे पूजन होते, त्याच सुमारास समुद्रही किनाऱ्याचे नवे खाते उघडतो. जोवर दोन्ही बाजू जुळतात, तोवर गाव आहे तिथे राहते. टेकड्या म्हणजे या खात्यातील शिल्लक. एखाद्या वर्षी मोठे उधाण आले, तर लाट त्यातून उचल करते आणि गाव वाचते.

आज हे खाते जुळेनासे झाले आहे. देवबागची धूप ही गावकऱ्यांची जुनी चिंता आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा मालवण परिसराने मोठा तडाखा सोसला. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या रात्री किनाऱ्यालगतच्या घरांत झोप लागत नाही. गावाने बंधाऱ्याची मागणी केली आणि काही भागांत दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे उभे राहिले. ज्याच्या दारात लाट आली, त्याला बंधारा नको असे कोणी सांगू शकत नाही. पण बंधाऱ्याचाही एक खर्च असतो. भिंतीवर आदळून मागे फिरणारी लाट पायथ्याची वाळू उकरून नेते आणि भिंत जिथे संपते तिथे धूप वाढण्याचा धोका राहतो. शिवाय बांधकामासाठी कर्लीच्या पात्रातून वाळू उपसली जाते, त्यावरून वाद होतात. जी वाळू किनाऱ्याच्या खात्यात जमा व्हायची, ती वाटेतच उचलली गेली तर शिल्लक कोठून राहणार?

विहिरींची गोष्ट अशीच. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते, म्हणून ते खाली झिरपलेल्या समुद्रजलावर तरंगत राहते. देवबागसारख्या पट्टीवर गोड्या पाण्याची विहीर असू शकते, ती या तरंगत्या साठ्यामुळे. भूजलशास्त्राचा ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी एक इंच खाली गेली, तर तळचे खारे पाणी कालांतराने सुमारे चाळीस इंच वर चढू शकते. एक खर्च करावा आणि चाळीस गमवावेत, असा व्यवहार कोणताही व्यापारी जाणूनबुजून करणार नाही. पण पंपाने भरलेल्या टाकीखाली उभे राहून अर्धा तास अंघोळ करणारा पाहुणा नकळत तोच व्यवहार गावाच्या नावावर करीत असतो.

पैलतीर, आणि एक जुना तलाव

तिसरा दिवस खाडीपलीकडच्या प्रदेशासाठी ठेवावा. संगमासमोर भोगवेचा शांत किनारा आहे. डोंगरावरून पाहिल्यास देवबागची संपूर्ण पट्टी एका दृष्टिक्षेपात येते, आणि ती किती बारीक आहे हे तेव्हाच खऱ्या अर्थाने समजते. पुढे निवतीचा किल्ला, त्याच्या पायथ्याशी कोळ्यांचे छोटेसे बंदर, आणि आत परुळे येथे आदिनारायणाचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर. जवळच चिपीचा विमानतळ आहे. तो 9 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाला.

परतताना धामापूर चुकवू नये. मालवण तालुक्यातील हा तलाव 1530 सालचा. डोंगरांमधील दरीला बांध घालून तो तयार केला; काठाशी भगवती देवीचे मंदिर आहे. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याचा जागतिक वारसा सिंचन स्थळांत समावेश केला. जवळजवळ पाच शतके खालच्या गावांना हे पाणी मिळत आले आहे. भोवतीचे रान राखले, म्हणून पाऊस मुरत राहिला. गरजेपुरते घेतले, म्हणून मुद्दल शिल्लक राहिले. वैनगंगेच्या खोऱ्यातील मालगुजारी तलाव पाहिलेल्या भंडाऱ्याच्या माणसाला धामापूरच्या बांधावर उभे राहताच घरी आल्यासारखे वाटेल.

मुक्काम आणि भोजन

मालवणची ख्याती मासळीच्या जेवणासाठी आहे, त्यामुळे शाकाहारी कुटुंबांना थोडी चिंता वाटते. ती अनाठायी आहे. नारळ, कोकम, फणस, तांदूळ आणि ओले काजू यांवर उभा असलेला कोकणाचा शाकाहार समृद्ध आहे. घावणे, आंबोळ्या, नारळाच्या गोड रसातील शिरवाळे, ओल्या काजूंची उसळ, गुळाचे खाजे ही त्यातील काही नावे. मात्र कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असल्यास मुक्कामाच्या घरी दोन दिवस आधी स्पष्ट सांगावे; सोलकढीतही पुष्कळदा लसूण असतो. स्वतंत्र भांड्यांचा आग्रह असेल, तर काही भांडी सोबत नेणे यजमानालाही सोयीचे.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्यांना इथे एक छोटी सवलत मिळते. देवबाग शहापूरच्या बरेच पश्चिमेस आहे. हिवाळ्यात इथला सूर्यास्त तिकडच्यापेक्षा अर्ध्या तासाहून काहीसा उशिरा होतो. सायंकाळचे जेवण साडेपाचला मागून घ्यावे. भोजन आटोपून पुळणीवर जाऊन बसले, की सूर्य अजून पाण्यावर असतो.

पाहुण्याचे देणे

देवबागला जाणाऱ्या कुटुंबाने काही साध्या गोष्टी पाळल्या तरी पुरे. मुले शंख-शिंपले वेचतात. त्यांना आधी निरखून पाहावयास सांगावे. शंख हा द्वींद्रिय जीव, हे पाठशाळेत त्यांनी शिकलेले असते. तो इथे हालचाल करताना दिसतो, आणि रिकाम्या शंखात बहुधा एखादा खेकडा राहावयास आलेला असतो. हिवाळ्यात सिंधुदुर्गच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांची घरटी वाळूतच असतात, म्हणून रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या आणि गाड्या नेऊ नयेत. मर्यादवेलीवर गाडी उभी करू नये. पाणी जपून वापरावे. आणि शक्य तर गावातील घरीच मुक्काम करावा, म्हणजे खर्च केलेला पैसा किनारा राखणाऱ्यांच्याच हाती पडतो.

या गोष्टींनी समुद्र थांबणार नाही, हे खरे. पण देवबागचा प्रश्न एका मोठ्या लाटेचा नाही; तो रोज थोडी थोडी होणाऱ्या उचलीचा आहे. पेढ्या बुडतात त्याही बहुधा अशाच. एका मोठ्या तोट्याने नव्हे, तर मुद्दलातून घरखर्च भागविण्याच्या सवयीने.

परतीच्या वाटेवर नागपूर सोडल्यावर मौद्याजवळ कन्हान नदीचा पूल लागतो. एरवी तो लक्षातही न येता मागे पडतो. देवबाग पाहून आलेली मुले मात्र खिडकीतून खाली पाहतात आणि विचारतात, की या नदीत वाळू किती उरली असेल आणि ती कुठवर जायला निघालेली असेल. वाळूचा भाव रोज सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही त्याचे उत्तर शोधावे लागते. कन्हानची वाट वैनगंगेला मिळते, आणि शहापूर तिथून फार दूर नसते.